एकास वीस

फाल्गुनाच्या सुमारास शाळूची काढणी आटोपते आणि वडूजच्या आसपासच्या शिवारांत कडब्याच्या गंजी उभ्या राहतात. येरळेच्या खोऱ्यातील हा भाग कमी पावसाचा. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस येथवर पोचेतो पार थकलेला असतो; तेव्हा खटाव तालुक्याने पिढ्यान् पिढ्या ज्वारीवर विसंबून राहावे, हे ओघानेच आले. मोठ्या माणसांच्या दृष्टीने कडबा म्हणजे जनावरांची वैरण. मुलांच्या दृष्टीने मात्र तो एका मोठ्या कारखान्याचा कच्चा माल होय. ज्वारीच्या ताटाची कठीण साल नखाने सोलली की आत पांढरे, हलके भेंड निघते आणि सोललेल्या सालीच्या लांबट काड्या होतात. काडी भेंडात सहज शिरते आणि घट्ट बसते. खिळा नको, खळ नको. फार तर एखादा बाभळीचा काटा हवा. एवढ्या सामग्रीवर दुपारभरात बैलगाडी तयार होते. तिला चाके असतात, जू असते आणि जुवाखाली मान घातलेले भेंडाचे दोन बैलही असतात.

रस्त्यावरून मालमोटारी, म्हणजे ज्यांना सारे जण ट्रक म्हणतात त्या गाड्या, धावू लागल्या, तशा त्या मुलांच्या हातांतही उतरल्या. कोणी भेंडाची मालमोटार करी, कोणी काडेपेट्यांची, तर कोणी रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून तिला जुन्या चपलेच्या रबराची चाके लावी. या गाड्यांमध्ये एक गंमत हटकून आढळते. चाके चालकाच्या खोलीएवढी उंच असतात, दिवे ताटलीएवढे असतात आणि चालक आत बसवायचे म्हटले तर बिचाऱ्याला गुडघे हनुवटीला लावूनच बसावे लागेल! यात चूक काहीच नाही. मुलाला जे मोठे वाटले, ते त्याने मोठे केले. खेळण्याचे काम मन रमविण्याचे आहे, आणि ते काम ही गाडी उत्तम प्रकारे करते.

कारखान्यांत तयार होणारी खेळणीसुद्धा याबाबतीत फार निराळी असतात असे नाही. जॅक ओडेल नावाच्या इंग्रज कारागिराची एक गोष्ट सांगतात. त्याच्या मुलीच्या शाळेत खेळणे आणावयाचे तर ते काडेपेटीत मावेल एवढेच असले पाहिजे, असा नियम होता. ओडेलने तिच्यासाठी रस्ता दाबण्याचे इंजिन घडविले. ते पितळेचे होते आणि काडेपेटीत बसेल एवढे इवलेसे होते. त्यातूनच १९५३ साली ‘मॅचबॉक्स’ नावाची चिमुकल्या गाड्यांची मालिका लंडनमध्ये सुरू झाली आणि जगभर पसरली. परंतु या मालिकेतील बस आणि छोटी मोटार शेजारी ठेवून पाहावी. दोघींची लांबी जवळजवळ सारखीच भरते, कारण दोघींनाही त्याच पेटीत मावावयाचे असते. म्हणजे बस फार लहान केलेली आणि मोटार तितकी लहान न केलेली. तेथे पेटी हीच मोजपट्टी होती.

प्रतिकृतीची गोष्ट वेगळी. प्रतिकृतीमध्ये मूळ वस्तूचा प्रत्येक भाग एकाच हिशेबाने लहान करावयाचा असतो. चाक विसाव्या हिश्श्याने लहान केले, तर दार, दिवा, पायरी, किंबहुना दाराची मूठसुद्धा विसाव्या हिश्श्यानेच लहान झाली पाहिजे. या हिशेबाला प्रमाण म्हणतात आणि ते ‘एकास वीस’ असे बोलून दाखवितात. आगगाडीच्या प्रतिकृती करणाऱ्या लोकांचे एक आवडते प्रमाण एकास सत्त्याऐंशी हे आहे. पुण्यात कोथरूड येथे १९९८ साली सुरू झालेल्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात त्या प्रमाणातील गाड्या, स्थानके आणि रस्ते पाहावयास मिळतात. मालमोटारीसाठी इतके लहान प्रमाण घेतले, तर नवख्या हातांना ते झेपत नाही. एकास वीस हे प्रमाण हाताला आणि गणिताला दोहोंनाही सोयीचे आहे. खऱ्या गाडीवरील प्रत्येक मीटर म्हणजे प्रतिकृतीवरील पाच सेंटिमीटर, एवढे लक्षात ठेवले की झाले.

प्रतिकृतीसाठी मालमोटारच का निवडावी, असे कोणी विचारील. वडूजच्या मुलांना हा प्रश्न पडणार नाही. त्यांच्या गावाला आगगाडी नाही. पुण्याहून मिरजेस जाणारा लोहमार्ग पश्चिमेकडून कोरेगाव, रहिमतपूर, कराड असा निघून जातो. तेव्हा मीठ, सिमेंट, खत, औषधे, वह्या-पुस्तके, जे जे म्हणून बाहेरून यावयाचे, ते रस्त्याने येते. आणि कांदा-बटाटा बाहेर जावयाचा तोही रस्त्यानेच जातो. दुष्काळी वर्षांत तर पिण्याच्या पाण्यालाही टँकरची वाट पाहावी लागते. जी गाडी इतके वाहून आणते, तिला एकूण चाके किती आणि त्यांपैकी मागे किती, हे मात्र रोज पाहणाऱ्यालाही पटकन सांगता येईलच असे नाही.

आपल्या देशात मालमोटारींचा उद्योग उभा राहिला त्यास फार काळ लोटलेला नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात डॉज आणि फार्गो या नावांच्या गाड्या तयार होत असत. १९५४ साली टाटांनी जर्मनीतील डेम्लर-बेंझ या कंपनीशी करार करून जमशेदपूर येथे मालमोटारी काढण्यास आरंभ केला. पुढे पुण्याजवळ पिंपरी येथेही त्यांचा कारखाना झाला. या कारखान्यांतून पुष्कळदा पूर्ण गाडी बाहेर पडतच नसे. इंजिन, चाके आणि लोखंडी सांगाडा एवढेच बाहेर येई. त्याला चासी म्हणतात. उघड्या चासीवर बसून, डोक्याला फडके गुंडाळून, शेकडो मैल गाडी हाकत नेणारे चालक एके काळी रस्त्यावर नेहमी दिसत. त्या चासीवर लाकडाची वा पत्र्याची बॉडी चढवावयाची ती गावोगावच्या सुतार-लोहारांनी. त्यामुळे एकाच कारखान्याच्या दोन गाड्या एकसारख्या निघत नसत. एकीच्या कपाळावर मोर असे, तर दुसरीच्या कपाळावर कमळ.

प्रतिकृतीचा आरंभ कात्रीने होत नाही, मोजपट्टीने होतो. समजा, बाजारतळावर एक सहा चाकी मालमोटार माल उतरवून उभी आहे. प्रथम चालकाची परवानगी घ्यावी. इंजिन बंद आहे आणि चालक खाली उतरलेला आहे, याची खात्री करावी. गाडीखाली मुळीच शिरू नये; जे बाहेरून मोजता येते, तेवढेच मोजावे. एकाने फीत धरावी, दुसऱ्याने आकडा वाचावा आणि तिसऱ्याने तो लिहून घ्यावा. वाचणाऱ्यानेच लिहावयाचे ठरविले, तर घाईत चुका होतात.

येथे एक अडचण येते. बॉडी बांधणारे कारागीर फुटांत बोलतात. ‘सतरा फुटी बॉडी’ असे चालक सांगतो आणि मुले वहीत ‘१७’ लिहून मोकळी होतात. पुढे घरी आल्यावर तो आकडा मीटरच्या आकड्यांत मिसळतो आणि गाडी उंटाएवढी लांब होते. सतरा फूट म्हणजे सुमारे ५.२ मीटर. आकड्याशेजारी त्याचे परिमाण लिहिणे ही गणिताच्या शिक्षकांची कटकट नव्हे, हे अशा वेळी पटते. दुसरी चूक चाकांच्या अंतराची. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचे अंतर चाकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजावयाचे असते. एकीकडे मध्य आणि दुसरीकडे कड धरली, तर अर्ध्या मीटरचा घोळ होतो. तोच घोळ प्रतिकृतीत अडीच सेंटिमीटरांचा होऊन बसतो आणि मागचे चाक भलतीकडेच जाते.

समजा, मापे पुढीलप्रमाणे आली. गाडीची एकूण लांबी ७.२ मीटर, रुंदी २.४ मीटर, दोन आसांमधील अंतर ४.२ मीटर, माल भरावयाच्या हौद्याची लांबी ५.२ मीटर, चाकाची उंची १ मीटर. प्रत्येक आकड्याला पाचाने गुणले की सेंटिमीटर मिळतात: लांबी ३६, रुंदी १२, आसांमधील अंतर २१, हौदा २६ आणि चाक ५. ही मापे मोठ्या कागदावर काढून गाडीचे बाजूचे, समोरचे आणि वरचे अशी तीन चित्रे पट्टीने रेखावीत. तीनही चित्रांत रुंदी, लांबी आणि उंची एकमेकांशी जुळली पाहिजेत. ती जुळत नसतील, तर चूक कागदावरच सापडते. पुठ्ठा कापल्यानंतर सापडलेली चूक महाग पडते.

आता बांधणी. चासी म्हणजे दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. शिडी आडवी ठेवावी तसे हे दिसते. जाड पुठ्ठ्याच्या घडीव पट्ट्यांची किंवा हलक्या लाकडाची शिडी करावी. तिच्याखाली आसाजवळ कमानी पाटे येतात. खऱ्या गाडीचे पाटे पोलादाच्या पट्ट्यांचे असतात. एक लांब पट्टी, तिच्याखाली थोडी आखूड, तिच्याखाली आणखी आखूड, अशी ती चळत असते. ताण पट्टीच्या मध्यावर सर्वांत अधिक पडतो. म्हणून मध्यावर जाडी अधिक आणि टोकांकडे कमी, अशी ही योजना आहे. बांबूच्या पातळ कामट्या तासून आणि दोऱ्याने बांधून तसेच पाटे करता येतात. हे काम सावकाश करावे. गाडी पूर्ण झाल्यावर ते फारसे दिसत नाहीत, हे खरे. पण बोटाने दाबल्यावर गाडी किंचित खाली बसून पुन्हा वर येते, तेव्हा केलेल्या श्रमांचे चीज होते.

चाकांसाठी जुन्या चपलेचे रबर अगदी योग्य. पाच सेंटिमीटर व्यासाची वर्तुळे कापून ती खरकागदावर घासून गोल करावीत. सहा चाके, शिवाय एक स्टेपनी. पुढे दोन आणि मागे चार. मागच्या प्रत्येक बाजूस दोन चाके एकमेकांस लागून बसवितात, कारण भाराचा मोठा वाटा मागच्या आसावर येतो. जोडचाकांच्या मध्ये थोडी फट राहिली पाहिजे. खऱ्या गाडीत ती नसेल, तर दोन्ही टायर एकमेकांवर घासून तापतील. त्या फटीत अडकलेला दगड चालक मुक्कामावर काढून टाकतो, तो उगाच नव्हे. आस म्हणून सायकलच्या चाकातील तार चालते.

चालकाची खोली पुठ्ठ्याची, काचा जुन्या पारदर्शक वेष्टनाच्या आणि हौदा आइस्क्रीमच्या काड्यांचा किंवा पातळ फळ्यांचा करावा. हौद्याच्या मागे खाली पडणारे जे दार असते, त्याला फाळका म्हणतात. तो बिजागरीवर उघडला पाहिजे. कापडाची अरुंद पट्टी चिकटविली की बिजागरी झाली. फाळक्याला दोन्ही बाजूंस साखळ्या आणि अडकविण्यास खुंट्या. ताडपत्रीसाठी जुन्या छत्रीचे कापड फार छान दिसते.

रंगाची वेळ आली की मुलांचा धीर सुटतो. ज्याला जे सुचेल ते तो रंगवू लागतो. परंतु येथेही प्रतिकृतीचा नियम सुटत नाही. ही गाडी कोणत्या वर्षाची, हे प्रथम ठरविले पाहिजे. १९६५ सालची टाटांची मालमोटार असेल, तर तिच्या समोर वर्तुळातील तीन टोकांची चांदणी हवी. डेम्लर-बेंझशी असलेला करार १९६९ साली संपला आणि त्यानंतरच्या गाड्यांवर ती चांदणी जाऊन टाटांचे स्वतःचे चिन्ह आले. मागच्या फाळक्यावर ‘हॉर्न ओके प्लीज’ ही अक्षरे लिहिण्याचा मोह सर्वांनाच होतो. १९९० सालच्या गाडीवर ती खुशाल लिहावीत. मात्र २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने ती लिहिण्यास मनाई केली. या अक्षरांमुळे विनाकारण कर्णा वाजविण्यास उत्तेजन मिळते, हे त्याचे कारण. तेव्हा त्यानंतरच्या महाराष्ट्रातील गाडीवर ती आली, तर प्रतिकृती चुकली. सातारा येथे नोंदलेल्या गाडीच्या क्रमांकाआधी ‘एमएच ११’ आणि सांगलीच्या गाडीला ‘एमएच १०’ येते. भाड्याने माल वाहणाऱ्या गाडीची पाटी पिवळी आणि तिच्यावरील अक्षरे काळी. मोर, कमळ, लिंबू-मिरची आणि घरातल्या धाकट्या मुलीचे नाव, हे मात्र करणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले बरे. खऱ्या गाडीच्या मालकानेही तेथे आपलीच हौस भागविलेली असते.

गाडी तयार झाली तरी ती केवढी आहे, हे पाहणाऱ्यास नुसत्या गाडीवरून उमगत नाही. तिच्याशेजारी माणूस उभा करावा लागतो. १६० सेंटिमीटर उंचीचा माणूस या प्रमाणात ८ सेंटिमीटरांचा होतो. मातीचा असा एक हमाल करावा, त्याच्या पाठीवर पोते द्यावे आणि त्याला फाळक्याजवळ उभे करावे. लगेच गाडी मोठी दिसू लागते, हौद्याची उंची डोळ्यांत भरते आणि त्या उंचीपर्यंत पोते चढवावयाचे म्हणजे काय, हेही कळते. सातारा जिल्ह्यातील हजारो माणसे मुंबईच्या बाजारपेठांत हेच काम करीत आली आहेत. माथ्यावर ओझे वाहणारे ते माथाडी. पाटण तालुक्याचे अण्णासाहेब पाटील यांनी त्यांची संघटना बांधली आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कामगारांच्या संरक्षणाचा कायदा झाला. तोपर्यंत या माणसांच्या कामाला ना नेमका पगार होता, ना म्हातारपणची सोय. मालमोटारीची चित्रे काढताना चालक बहुधा आठवतो. गाडी भरणारा मात्र चित्राबाहेर राहतो.

आता एक विचित्र हिशेब. प्रतिकृतीची लांबी विसावा हिस्सा झाली, तर तिचे वजन किती व्हावे? पुष्कळ मुले चटकन ‘विसावा हिस्सा’ असे उत्तर देतात. परंतु लांबी वीस पटींनी कमी झाली, तशी रुंदीही वीस पटींनी कमी झाली आणि उंचीही. वीस गुणिले वीस गुणिले वीस म्हणजे ८,०००. रिकामी मालमोटार सहा टनांची, म्हणजे ६,००० किलोंची असेल, तर तिच्या प्रतिकृतीचे वजन ७५० ग्रॅम भरावयास हवे. दहा टन माल म्हणजे सव्वा किलो. ५० किलोंचे एक पोते म्हणजे सव्वासहा ग्रॅम; तांदळाची एक चिमटी!

हौशी मुले येथे एक प्रयोग करतात. तयार गाडीच्या हौद्यात तीन किलोंची वीट ठेवतात. गाडी मोडत नाही. मग हिशेब होतो: तीन किलो गुणिले ८,००० म्हणजे २४ टन! ‘आमची गाडी २४ टन पेलते’ अशी आरोळी उठते. आकडेमोड बिनचूक आहे, पण निष्कर्ष सपशेल चुकलेला आहे. वजन ८,००० पटींनी घटले हे खरे. परंतु तुळईची ताकद तिच्या जाडीवर, म्हणजे ती आडवी कापल्यास दिसणाऱ्या क्षेत्रफळावर अवलंबून असते आणि ते क्षेत्रफळ वीस गुणिले वीस, म्हणजे ४०० पटींनीच घटलेले आहे. सबंध प्रतिकृती खऱ्या गाडीच्याच लोखंडाची आणि लाकडाची केली, तरी ती आपल्या वजनाच्या मानाने मूळ गाडीहून वीस पटींनी बळकट निघेल. म्हणून लहान वस्तू नेहमीच दांडग्या वाटतात. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हा नियम मांडला आहे. लहान कुत्रा आपल्याएवढी दोन-तीन कुत्री पाठीवर वाहून नेऊ शकेल, पण घोडा आपल्याएवढा एक घोडा तरी वाहील की नाही, याची त्यास शंका होती. मुंगी आपल्या वजनाच्या कितीतरी पट ओझे उचलते, त्याचेही इंगित हेच आहे. तेव्हा प्रतिकृतीवर विटा रचून खऱ्या गाडीत जादा माल भरण्याचे समर्थन कोणी करू लागला, तर त्यास हा हिशेब दाखवावा. खऱ्या गाडीचे पाटे असे फसत नाहीत, ते मोडतात.

मग प्रतिकृतीवरून काहीच ठरविता येत नाही की काय? तसे असते, तर पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र कधीच बंद पडले असते. १९१६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत धरणे, बंदरे आणि नद्या यांच्या प्रतिकृती बांधून त्यांतून खरे पाणी सोडतात. सांडव्यावरून पाणी कसे उसळेल, बंदरात गाळ कोठे साचेल, हे तेथे आधी पाहून घेतात. या अभियंत्यांनाही प्रमाणाशी झगडावे लागते. विस्तीर्ण नदी सर्व बाजूंनी सारख्याच प्रमाणात लहान केली, तर तिच्यातील पाण्याची खोली कागदाएवढी होईल आणि ते पाणी नदीसारखे वाहणारच नाही. म्हणून नदीच्या प्रतिकृतीत कित्येकदा लांबी-रुंदीला एक प्रमाण आणि खोलीला दुसरे, असे जाणूनबुजून धरतात. कोणते प्रमाण कोठे मोडले, याची नोंद मात्र ते काटेकोरपणे ठेवतात. कारण उत्तर काढताना तो फरक भरून काढावा लागतो.

मालमोटारीच्या प्रतिकृतीला आपले बळ खरे सांगता येत नाही, पण आपला तोल ती अचूक सांगते. गाडी कलंडते केव्हा? तिचा सारा भार ज्या एका बिंदूत एकवटला आहे असे मानता येते, त्याला गुरुत्वमध्य म्हणतात. त्या बिंदूतून ओळंबा सोडला आणि तो चाकांच्या आत पडला, तर गाडी उभी राहते. तो बाहेरच्या चाकापलीकडे गेला की गाडी उलटते. यात केवळ उंची आणि रुंदी यांचे नाते आहे. आणि प्रमाण पाळल्यावर ते नाते लहान गाडीतही तेच राहते.

हे पाहण्यासाठी पुठ्ठ्याच्या गाडीचे वजन चासीवर खिळे व लोखंडाचे तुकडे बांधून ७५० ग्रॅम करावे. गाडी एका फळीवर आडवी ठेवावी आणि ती घसरू नये म्हणून खालच्या बाजूच्या चाकांस बारीकशी पट्टी ठोकून अटकाव करावा. मग फळीची दुसरी कड हळूहळू उचलावी. कोन मोजण्यास कंपासपेटीतील कोनमापक पुरे. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५ सेंटिमीटर उंचीवर असेल, तर रिकामी गाडी सुमारे ५० अंशांपर्यंत तग धरते. आता हौद्यात वाळूच्या पुरचुंड्या सपाट पसरून सव्वा किलो भार भरावा. हौद्याचा तळ ६ सेंटिमीटर उंच आणि पुरचुंड्यांचा थर ४ सेंटिमीटरांचा असेल, तर गाडी ४१ अंशांच्या आसपास कलंडेल. यानंतर तोच सव्वा किलो भार ८ सेंटिमीटर उंचीच्या रिकाम्या खोक्यावर ठेवावा. भार एका ग्रॅमनेही वाढलेला नाही. परंतु गाडी आता २७ अंशांवरच आडवी होते.

हा प्रयोग करताना फळीखाली उशी ठेवावी. नाहीतर महिनाभराचे श्रम फरशीवर आपटतील. दुसरे असे की, खरी गाडी या कोनांच्याही आधीच उलटते. तिचे पाटे आणि टायर खालच्या बाजूला दबतात, गाडी आणखी झुकते आणि ओळंबा तेवढाच बाहेर सरकतो. कामट्यांचे पाटे नीट साधले असतील, तर प्रतिकृतीतही ही गोष्ट थोडीबहुत दिसते.

साताऱ्याहून वडूजकडे येताना कोरेगाव आणि पुसेगाव यांच्या दरम्यान वर्धनगडचा घाट लागतो. वळणावर गाडीला बाहेरच्या बाजूस जी ओढ बसते, ती फळी उचलण्यासारखीच असते. वेग जितका अधिक, तितकी फळी अधिक उचललेली. उन्हाळ्यात या रस्त्यांवर कडब्याने भरलेल्या मालमोटारी दिसतात. कडबा वजनाला हलका, पण हौद्याच्या कितीतरी वर रचलेला आणि दोन्ही बाजूंस बाहेर आलेला असतो. त्याच गाडीत परतीच्या वाटेवर खताची पोती असली, तर भार दुप्पट असूनही तो तळाशी बसतो. चालक कडब्याची गाडी वळणाआधीच खालच्या गिअरमध्ये घेतो आणि वळण अगदी सावकाश ओलांडतो. गाडी भरणारे हमालही जड पोती आधी खाली लावून घेतात आणि हलका माल वर चढवितात. त्यांच्यापैकी कोणाच्याही हाती कोनमापक नसतो.